मॉडेल बंद, गाडी चालू

संपादकबाईंचा फोन आला. "दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातला अनुभव लिहा, पण जरा शुद्ध भाषेत." मी म्हणलं, "बाई, आमच्या घाटात रस्ता शुद्ध मिळंना, भाषा कुठनं आणू?" त्या हसल्या. मंग मी त्यांचंच हसणं त्यांना परत हसून दाखवलं.  शेवटी म्हणाल्या, "बरं, येईल तसं लिहा."

तर येतंय तसं लिवतो.

मी भोरचा. जुनी गाडी घेणाऱ्याच्या बाजूनं गाडी तपासायला जातो. मी दलाल न्हाई आन मेकॅनिकबी न्हाई. दलालाला गाडी खपली की कमाई. मला 'घ्या' म्हणलं तरी तेवढंच मिळतं आन 'नगं' म्हणलं तरी तेवढंच. लोकांना हे लवकर पटत न्हाई. "नुसतं नगं म्हणायचे पैसे?" व्हय. खरं तर नगं म्हणायचे जास्त घ्यायला पायजेत, कारण ज्यांना मी नगं म्हणलं त्यातली निम्मी माणसं आजबी बाजारात मला बघून दुसऱ्या गल्लीनं जातात.

गावात मला आवाज्या म्हणतात. शाळेत गुरुजींची नक्कल केली, गुरुजी मागं उभं असतानाच केली. मार खाल्ला, पण मारताना त्यांचा आवाज कुठं चढतो तेबी ध्यानात ठिवलं. कंडक्टर, तलाठी, देवळातल्या माइकवर बोलणारं मंडळाचं अध्यक्ष, सगळ्यांचं आवाज काढले. सगळ्यांनी एकच विचारलं, "नकलांनी पोट भरणार हाय का?"

भरतंय. बघा आता.

गाडीचं दुखणं आवाजात असतं. कामथडीजवळ हायवेला बाबूमिस्त्रींचं गॅरेज हाय. मी गाडी चालवून बघतो आन तिचा आवाज तोंडानं काढून बाबूमिस्त्रींना फोनवर ऐकवतो. ते तिकडनं सांगतात काय बिघडलंय. कुणी म्हणंल, मोबाईलमधी रेकॉर्ड करून का पाठवत न्हाई? पाठवलं होतं. त्यात वारा येतो, कोंबडी येती, मालकाचं 'गाडी एकदम मख्खन' येतं. मोबाईल सगळं पकडतो, मी फक्त दुखणं पकडतो.

बाकीचं काम कुणालाबी जमण्यासारखं हाय. पत्र्यावर बोटाच्या हाडानं टकटक करायची. ठोकलेल्या जागी पुटी, म्हंजी लांबी, भरलेली असली की आवाज बद्द येतो. दाराचं रबर जरा ओढून आतलं कंपनीचं वेल्डिंगचं ठिपकं जागच्या जागी हायेत का बघायचं, नसले तर गाडी ठोकून परत जोडलेली. पायाखालचं मॅटिंग उचलून हात लावायचा, नाकानं वास घ्यायचा. गाडी गार असतानाच पहिल्यांदा चालू करायची, गरम इंजिन दुखणं लपवतं. मालकानं आधीच गरम करून ठिवली असंल तर चहा मागायचा, तो संपला की दुसरा मागायचा. गाडी गार होऊस्तोवर गप्पा मारायच्या. हे शेवटचं माझं सगळ्यात आवडतं काम.

एका नवरा-बायकोला मी सांगितलं होतं, "ही गाडी पाण्यात बुडलेली हाय, मॅटिंगखाली गाळ हाय." पण मॉडेल असं, की गल्लीत दर तिसऱ्या घरापुढं तेच उभं. ती दोघं म्हणाली, "अहो, सगळेच घेतात." घेतली. पहिल्याच पावसाळ्यात गाडीच्या सगळ्या लाइटी आपापल्या मनानं लागायला लागल्या. मी अजून जोरात का भांडलो न्हाई, ह्याचं वाईट वाटतं. तवापासनं 'सगळेच घेतात' हे शब्द कुणी काढले की माझं डोकं फिरतं.

आन वेल्ह्याच्या पलीकडं पासली गाव हाय, तिथल्या किसनदादांच्या टायमाला तर डोकं फिरायला पुरेपूर कारण होतं.

किसनदादा म्हंजी भातशेती करणारा माणूस. आधी वेल्हे-नसरापूर वडापची, म्हंजी शिटा भरून न्यायची, जीप चालवायचे, त्यामुळं घाट हातात बसलेला. त्यांची पोरगी सायली. लहानपणापासनं तिच्या पायात बळ न्हाई, चाकाच्या खुर्चीवर असती. हातात मातुर असं बळ की तिनं दाबून धरलेला नारळ मला सोडवता आला न्हाई. दहावी गावाकडंच झाली. पुढं वेल्ह्याच्या कॉलेजला जायचं, तर जीपमधी चढवायला कुणीतरी उचलायला पायजे. रोज. स्टँडवर, सगळ्यांच्या देखत.

किसनदादा मला म्हणाले, "ती म्हणती, लहान होते तवर उचललंत, आता न्हाई. भाताचं पोतं हाय का मी? घरात बसंन म्हणती, पर उचलून न्हाई जाणार. आता सांग, हट्टी म्हणू का काय म्हणू?"

मी म्हणलं, "बरोबर हाय तिचं."

"मलाबी तेच वाटतंय," ते म्हणाले. "म्हणून तर गाडी बघतुय. तिची तिला बसता आली पायजे."

आन त्यांनी पिशवीतनं एक काठी काढली. बांबूची, खाली-वर सरळ कापलेली. सायलीच्या खुर्चीची बैठक जेवढी उंच, तेवढी काठी. ही काठी घिऊन हा माणूस भोर, नसरापूर, पार सातारा रस्त्यापर्यंत गाड्यांची दारं उघडून सीटला लावून बघत फिरला होता. छोट्या गाड्यांची सीट काठीच्या लई खाली. बसता येईल, पण परत वर कसं यायचं? मोठ्या जीपगाड्यांची सीट काठीच्या हातभर वर. लोकांना वाटायचं हा येडा हाय. मला वाटलं, आत्तापतुर मी भेटलो त्यातलं सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक हे.

मंग भोरच्या वकीलकाकांची गाडी माझ्या डोक्यात आली.

ती क्रॉसओव्हर हाय. म्हंजी सांगतो. जीप न्हाई आन मोटारबी न्हाई. खालून मोटारीसारखी मऊ चालती, पोट जमिनीपासनं उंच असतं, आन सीट मधल्याच उंचीवर. संकरित बियाणं असतं ना, तसं. पण ती बनवणारी कंपनी आपल्या देशातनं गाशा गुंडाळून गेलेली. मॉडेल बंद. म्हणून वकीलकाकांच्या दारात ती कव्हर घालून उभी होती आन कुणी बघायलाबी येईना.

आमी बघायला गेलो. आमी म्हंजी मी आन किसनदादा असं मला वाटलं होतं. गेलो तर किसनदादांची आख्खी भावकी वकीलकाकांच्या गेटात. आमच्याकडं गाडी एकाची असती, पण बघायला भावकी येती. कारण घरची गाडी म्हंजी भावकीची गाडी. लग्नाला तीच, बारशाला तीच, आन कुणाला बैल बघायला जायचं असलं तरी तीच. सगळ्यांच्या पुढं नाना, किसनदादांचं थोरलं भाऊ. दुधाचा टेम्पो चालवतात. टेम्पो चालवणारा माणूस गाडीतलं सगळं जाणतो असं भावकीचं मत, आन नानांचंबी तेच मत.

नानांनी येऊन पहिल्यांदा टायरला लाथ मारली. सगळ्या टायरना मारली. मी विचारलं, "काय म्हणतंय टायर?"

"टायर ठीक हाय. पर गाडी नगं," नाना म्हणाले. "किसन, आरं मॉडेल बंद झालंय. शोरूमला कुलूप. उद्या इकायची झाली तर कुत्रं इचारणार न्हाई. सात शिटी घे, सगळी घेत्यात ती. समद्यांना बसाय येतंय."

आलं. 'सगळी घेत्यात.'

वकीलकाका पायरीवर उभं होते, पांढरा सदरा, चष्मा कपाळावर. ते शांतपणे म्हणाले, "हे पाहा, मॉडेल बंद झालं आहे, गाडी बंद झालेली नाही. मीही निवृत्त झालोय. म्हणून मला कोणी भंगारात घालत नाही."

मी लगेच त्यांच्याच आवाजात म्हणलं, "हे पाहा, हरकत फेटाळण्यात येत आहे." वकीलकाका हसले. नाना हसले न्हाईत.

"आवाज्या, तू नकला कर," नाना म्हणाले. "गाडीतलं तुला काय कळतंय?"

"नाना," मी म्हणलं, "तुमी गाडी विकायसाठी घेताय का बसायसाठी? विकायसाठी घ्यायची असंल तर मंग कशाला घेता, विकूनच टाका की आधी!"

भावकीतल्या दोघांनी तोंडावर रुमाल धरला. नाना तांबडे झाले. पण किसनदादांनी दार उघडून काठी लावली आन सगळे वाकून बघायला लागले.

सीट काठीच्या तीन बोटं वर.

किसनदादांनी काठी काढली, परत लावली. सीट मागंपुढं केली, परत लावली. तीन बोटं. त्यांचं तोंड उतरलं. वर सरकायचं म्हंजी उचलून घ्यायचं. नाना म्हणाले, "झालं? चला."

मी बोनेट उघडतच होतो. आधी काम करू दे म्हणलं. पत्रा वाजवला. मागचा बंपर एकदा रंगवलेला होता, वकीलकाकांना विचारलं तर घराकडं बघून हळूच म्हणाले, "हिने गेटला लावली होती. मी विषय काढत नाही, तुम्हीही काढू नका." बाकी पत्रा कंपनीचाच, ठिपकं जागच्या जागी. मॅटिंग कोरडं. इंजिन गार होतं. चालू केल्यावर पहिल्या झटक्यात लागलं आन धूर न्हाई.

बंद झालेल्या गाडीचं एक गणित असतं, ते लोकांना कुणी सांगत न्हाई. जे झिजतं ते मिळतं, जे फुटतं ते मिळत न्हाई. तेल, फिल्टर, ब्रेक, क्लच, बॅटरी ही झिजायची कामं. हिचं इंजिन दुसऱ्या कंपन्यांच्या चालू गाड्यांतबी बसवलेलं, त्यामुळं त्याचं सामान दुकानात पडून असतं. अडतं कुठं? हेडलाइट, काच, बंपर, दाराचा पत्रा. ते फुटलं तर मागवा, थांबा, जुन्या बाजारात हिंडा. म्हंजी ज्याला गाडी ठोकायची सवय हाय त्यानं बंद मॉडेल घिऊ नये. ज्यानं आयुष्यभर घाटात वडाप चालवून कुणाला खरचटू दिलं न्हाई, त्यानं का घिऊ नये?

मी हे मोठ्यानं बोललो, नानांना ऐकू जाईल असं.

"आन तीन बोटं?" नाना म्हणाले.

मी भावकीकडं बघितलं. अंगण भरलेलं होतं. कुणी डिकी उघडून बघतंय, कुणी आरशात भांग पाडतंय, एक मामा मागच्या सीटवर झोपून बघतोय. आन माझ्या ध्यानात आलं, जिच्यासाठी गाडी घ्यायची ती कुठंय?

"सायलीला का न्हाई आणलं?"

 मंग किसनदादा हळूच म्हणाले, "आणायचं म्हंजी उचलून आणाय लागलं असतं."

"मंग गाडी तिच्याकडं नेऊ," मी म्हणलं. "वकीलकाका, गाडी पासलीपर्यंत न्यायची."

"माझी गाडी? पासली?" वकीलकाकांनी चष्मा डोळ्यावर घेतला. "थांबा, मीही येतो."

किसनदादा चालवायला. नाना पुढच्या सीटवर बसले, कुणी सांगायच्या आधीच. मी आन वकीलकाका मागं. बाकीची भावकी नानांच्या टेम्पोत, टेम्पो भावकीतल्याच एकानं घेतला.

नसरापूर सोडल्यावर वकीलकाकांनी सवयीनं जुनी गाणी मोठ्यानं लावली. मी म्हणलं, "काका, गाडीला बोलू द्या." त्यांनी बंद केली. आन वेल्ह्याच्या अलीकडं एका वळणावर गाडी बोलली.

नाना तिथंच वळून म्हणाले, "ऐकलं? गेली गाडी!"

वकीलकाका घाबरले. "अहो, हे मी कधीच ऐकलं नव्हतं."

"गाण्यात ऐकाय येत न्हाई, काका. दादा, परत वळवा. हळू. आता दुसऱ्या बाजूला."

मी डोळं मिटून ऐकलं. आन बाबूमिस्त्रींना फोन लावला. हे बाबूमिस्त्री त्या बंद झालेल्या कंपनीच्याच वर्कशॉपमधी होते. कंपनी गेली, मिस्त्री हितंच राहिले. कंपनी जाताना माणसांचं हात घिऊन जात न्हाई, हे लोकांना कधी कळणार?

फोन स्पीकरवर टाकला. "मिस्त्री, ऐका. कुर्र्र... टण्ण! ... कुर्र्र... टण्ण!"

"हळू वळताना का जोरात?"

"हळू. जोरात असताना न्हाई."

"ब्रेक दाबल्यावर?"

"ब्रेकला गप. खड्ड्यात मातुर, डग्! असं एकदाच."

"टण्ण आधी का कुर्र आधी? परत कर."

मी परत केलं. रस्त्याच्या कडंला म्हशी घिऊन चाललेली एक मावशी थांबून बघायला लागली. तिच्याकडं बघून अजून एकदा केलं.

मिस्त्री म्हणाले, "पुढच्या डाव्या शॉकअपच्या वरचं रबर-बेअरिंग गेलंय. स्प्रिंग अडकून सुटती, तवा टण्ण. घाबराय काय न्हाई. दुसऱ्या चालू गाडीचंच बसतंय, मी लावतो."

नाना फोनकडं वाकले. "मिस्त्री, आन फुडची काच फुटली तर?"

"तर थांबाय लागंल, पाव्हणं. खोटं कशाला बोलू? काच लवकर मिळत न्हाई."

"बघ!" नाना म्हणाले. त्यांना फक्त तेवढंच ऐकू आलं.

पासलीला पोचलो. भात वाफ्यात हिरवंगार, घराच्या अंगणात सायली खुर्चीवर बसलेली, मांडीवर पुस्तक. आमच्या सगळ्यांकडं तिनं असं बघितलं की आमीच तपासणीला आलोय. किसनदादांनी गाडीचं पुढचं दार उघडलं. नाना उतरले. काठी निघाली.

"आण्णा, ते काय हाय?" सायलीनं विचारलं.

"तुझ्या खुर्चीचं माप, बाय."

"बघू." तिनं काठी घेतली, खुर्चीच्या कडंला उभी धरली. काठी तिच्या बैठकीच्या खालीच संपली. तिनं वडलांकडं बघितलं. "आण्णा, माप घेतलं तवा गादी कुठं होती?"

किसनदादांनी वलणीकडं बघितलं. तिच्या आईनं जुन्या लुगड्याची चांगली तीन बोटं जाड गादी शिवून दिलेली, सायली तिच्यावरच बसती. माप घेतलं त्या दिवशी गादी धुऊन वलणीवर वाळत टाकली होती. नुसत्या लोखंडी खुर्चीची काठी कापून हा माणूस दोन तालुके हिंडला होता.

सायलीची आई दारातनं म्हणाली, "मी त्याच दिशी म्हणलं व्हतं, गादी वाळू द्या. ऐकत्यात का!"

सायली हसली न्हाई. तिनं खुर्ची दाराशी लावली, चाकं अडवली. एक हात गाडीच्या सीटवर, एक हात खुर्चीच्या दांडीवर. किसनदादा पुढं सरकले.

"हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

ते थांबले. सगळं अंगण थांबलं. तिनं दोन्ही हातांवर अंगाचा भार घेतला आन ती सरकली. अर्धी हितं, अर्धी तिथं. एक क्षण वाटलं पडती. मी नक्कल करणारा माणूस, पण त्या टायमाला माझ्या तोंडातनं कसलाच आवाज निघाला न्हाई. मंग तिनं खांदा आत टाकला आन ती सीटवर होती. हातानं एकेक पाय उचलून आत घेतला.

कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. ती म्हणाली, "वाजवू नका. उतरता आलं पायजे आधी." आन उतरली. उतरायला जास्त टाईम लागला, पण उतरली. मंग परत चढली.

मी आन वकीलकाकांनी खुर्ची घडी करून डिकीत घालून बघितली. वरची फळी काढली तर उभी राहती. नाना बाजूला उभं राहून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "बसती, खरं हाय. पर सांगून ठिवतो, उद्या इकायची झाली तर..."

सायलीनं काच खाली केली. "नाना, मी शिकतीया तवर कुणी इकणार न्हाई. त्याच्या फुडं मी नोकरी करणार, मंग मीच सांगंन इकायची का न्हाई."

नाना किसनदादांकडं वळले. किसनदादा काठी बघत होते. त्यांनी ती गुडघ्यावर मोडली आन चुलीच्या लाकडात टाकली. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय म्हणतुस?"

"घ्या," मी म्हणलं. "रबर-बेअरिंग बदला, काच सांभाळा, आन 'सगळी काय घेत्यात' हे इचारणाऱ्याला गाडीत घिऊ नका."

वकीलकाकांनी गाडीला लावलेली किल्ली काढून किसनदादांच्या हातात दिली. कागदाचं काम भोरला करायचं ठरलं, म्हणून सगळे परत निघालो. नाना सवयीनं पुढच्या दारापाशी गेले आन थबकले.

"बाय, उतर की. आमी भोरला जाऊन येतो."

"मीबी येतीया," सायली म्हणाली. "कॉलेज वाटंतच हाय. ॲडमिशनचं इचारून जाऊ."

"आगं, मंग मी कुठं बसू?"

"मागं बसा."

नाना मागं बसले. ह्या बाजूला वकीलकाका, त्या बाजूला नाना, आन मधी मी, दोन्ही गुडघे हनुवटीपाशी. पासलीपासनं वेल्ह्यापर्यंत मी सांगत होतो की ह्या गाडीत मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा न्हाई, कंपनीनं मॉडेल बंद केलं ते ह्याच्यामुळंच. पुढनं कुणीबी मागं वळून बघितलं न्हाई.